सहकारी गंभीर आजारी आहे? ‘माझी रजा त्यांना द्या’ असा अर्ज करण्याआधी त्यांचं रजा प्रकरण असं उभं करा

‘माझ्या खात्यावर ३०० दिवस पडून आहेत, त्यातले २० त्यांना द्या.’ आस्थापनेच्या (कर्मचाऱ्यांच्या रजा आणि सेवानोंदी सांभाळणाऱ्या शाखेच्या) टेबलावर बसून असे अर्ज मी आजवर चार वेळा आवक करून घेतले. त्यातल्या एकावर तर अकरा जणांच्या सह्या होत्या. भावना खरी असते, पण महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये एकाच्या खात्यातली रजा दुसऱ्याच्या खात्यात वळती करण्याची तरतूद नाही. अमेरिकेतल्या केंद्र सरकारी नोकरीत तशी सोय आहे, आणि तिथल्या बातम्या आपल्या ग्रुपवर फिरत असतात. आपल्याकडे अर्ज वर जातो आणि ‘तरतूद नसल्याने अमान्य’ असा शेरा घेऊन खाली येतो. त्यात तीन आठवडे जातात, आणि तेवढ्या काळात आजारी माणसाचं स्वतःचं रजा प्रकरण कुणी हातातही घेतलेलं नसतं.

बहुतेकांच्या स्वतःच्याच खात्यावर वाटतं त्यापेक्षा जास्त रजा असते. ती वेळेत, योग्य क्रमाने आणि खंड न पडता मंजूर करून घेणं हेच खरं काम आहे. ते कसं करायचं, ते खाली टप्प्याटप्प्याने दिलं आहे. हे सगळं राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांपुरतं आहे. महामंडळं आणि स्वायत्त संस्थांचे नियम वेगळे असू शकतात, तिथे आधी आपल्या आस्थापनेला विचारा.

## टप्पा १: पहिले दोन दिवस

कार्यालयातला एकच माणूस आणि घरचा एकच माणूस, एवढीच साखळी ठेवा. सहा जणांनी रुग्णाच्या पत्नीला फोन करून ‘कागद पाठवा’ म्हटलं, की कागद कुणालाच मिळत नाहीत.

पहिला अर्ज त्याच दिवशी आवक झाला पाहिजे. छापील नमुना नसला तर साध्या कागदावर चालतो, नमुना नंतर भरून जोडता येतो. अर्जात एवढं हवं: कोणत्या तारखेपासून रजा, डॉक्टरांनी सांगितलेली मुदत, रजेचा प्रकार, रजेच्या काळातला पत्ता आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी. ही परवानगी हमखास राहून जाते. उपचार परळच्या टाटा रुग्णालयात आणि नोकरी चंद्रपुरात असेल, तर ती मागितलीच पाहिजे.

रजेचा प्रकार अजून ठरत नसेल तर ‘वैद्यकीय कारणास्तव देय व अनुज्ञेय रजा’ असं लिहा. निश्चित प्रकार टप्पा ३ मध्ये ठरवून पुरवणी अर्ज द्या.

रुग्णाला सही करता येत नसेल तर घरच्या व्यक्तीने अर्ज करावा आणि ‘रुग्ण सही करण्याच्या स्थितीत नाही’ अशी डॉक्टरांची नोंद सोबत जोडावी. त्यांच्या नावाने दुसऱ्या कुणीही सही करू नये. हे सांगायची वेळ यायला नको, पण येते.

इशारा: साहेबांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो हा अर्ज होत नाही. साहेबांची बदली झाली की तो फोटोही त्यांच्याबरोबर जातो. आवक क्रमांक आणि तारीख पडलेली प्रत घरच्यांच्या हाती दिल्याशिवाय हा टप्पा पूर्ण झाला असं समजू नका.

## टप्पा २: सेवापुस्तक उघडा, शिल्लक लेखी घ्या

सेवापुस्तक म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या आणि रजेच्या नोंदींची वही. सर्वांत जास्त वेळ इथे द्या. ‘त्यांची रजा संपली आहे’ हे वाक्य तोंडी ऐकलंत तर त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. बहुतेक वेळा अर्जित (पूर्ण पगाराची, कमावलेली) रजा संपलेली असते, आणि बोलणाऱ्याने अर्धवेतनी (निम्म्या पगाराच्या) रजेचं खातं पाहिलेलंच नसतं.

दोन्ही खाती वेगवेगळी तपासा.

अर्जित रजा वर्षाला ३० दिवस मिळते. १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी ती आगाऊ जमा होते. आधीच्या सहामाहीत असाधारण (बिनपगारी) रजा घेतली असेल तर त्या दिवसांचा एक दशांश, जास्तीत जास्त १५ दिवस, पुढच्या जमेतून वजा होतो. ही वजावट कधी विसरली जाते, कधी दोनदा केली जाते.

अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस. ही रोजच्या वापरातली नसल्यामुळे तिचं पान अर्धवट राहतं. आमच्या कार्यालयात एका वरिष्ठ लिपिकाच्या आजारपणात मी त्यांचं सेवापुस्तक उघडलं, तर अर्धवेतनी रजेच्या तक्त्यात बदलीच्या वर्षापासून पुढे सहा वर्षं एकही नोंद नव्हती. रेघा मारलेल्या, रकाने कोरे. जुन्या कार्यालयाने भरलं नाही आणि आम्हीही नाही. सहा वर्षांचे १२० दिवस त्या कोऱ्या पानावर पडून होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर, दोन दिवसांचा एक या हिशोबाने, त्यांचे ६० दिवस पूर्ण पगाराचे झाले. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना जे २० दिवस द्यायला निघालो होतो, त्याच्या तिप्पट. आणि ते त्यांचे स्वतःचेच होते.

तपासायचा क्रम असा: नेमणुकीची तारीख, मग प्रत्येक वर्षाची जमा, मग प्रत्येक रजा मंजुरी आदेशाशी खर्चाची जुळणी. आदेश आहे पण नोंद नाही, किंवा नोंद आहे पण आदेश नाही, असं काही सापडलं तर ते याच टप्प्यावर दुरुस्त करून घ्या. बदलीच्या वेळी आलेलं अंतिम वेतन प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

तपासा: आस्थापनेने सही केलेला, तारीख असलेला शिल्लक रजेचा दाखला मिळाला का? त्यात अर्जित आणि अर्धवेतनी दोन्ही आकडे आहेत का?

## टप्पा ३: कोणती रजा आधी, कोणती नंतर

आधी शब्द सरळ करून घेऊ. परिवर्तित रजा म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्धवेतनी रजेचं पूर्ण वेतनी रजेत केलेलं रूपांतर. तिच्या एका दिवसाला अर्धवेतनी खात्यातून दोन दिवस वजा होतात. अनर्जित रजा म्हणजे अर्धवेतनी खातं रिकामं झाल्यावर पुढच्या कमाईवर दिलेली उचल. तिच्यात वेतन निम्मं मिळतं आणि पूर्ण सेवेत ती जास्तीत जास्त ३६० दिवस मिळू शकते. असाधारण रजा बिनपगारी.

समजा, सात महिन्यांची म्हणजे २१० दिवसांची गरज आहे. खात्यावर अर्जित ४७ आणि अर्धवेतनी १३० आहेत. १३० चे परिवर्तित ६५. पूर्ण पगाराचे एकूण ११२ दिवस झाले. उरले ९८. ते अनर्जित रजेतून निम्म्या पगारावर मागता येतात. मात्र ९८ दिवसांची उचल वर्षाला २० या हिशोबाने फेडायला जवळजवळ पाच वर्षं लागतात आणि तोवर अर्धवेतनी खातं उणे राहतं. पुढे जेवढी अर्धवेतनी रजा कमावता येईल तेवढीच उचल मिळते, हेही लक्षात ठेवा. निवृत्तीला दोनच वर्षं उरली असतील तर हिशोब ४० दिवसांवर थांबतो, आणि उरलेले ५८ दिवस असाधारण रजेत जातात.

आता क्रम. माणूस बरा होऊन परत येणार असं डॉक्टर सांगत असतील तर माझं मत: आधी परिवर्तित, मग अर्जित. निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळतात, त्यामुळे ती वाचेल तेवढी वाचवावी.

परत येण्याची खात्री नसेल तर चित्र बदलतं. परिवर्तित आणि अनर्जित या दोन्ही रजा देताना मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘कर्मचारी कामावर परत येण्याची वाजवी शक्यता आहे’ हे पाहावं लागतं. परिवर्तित रजा घेऊन मग परत न येता स्वेच्छेने निवृत्ती घेतली, तर ती रजा पुन्हा अर्धवेतनी धरून फरकाची वसुली निघू शकते. आजारपणामुळे नोकरीस असमर्थ ठरून निवृत्त झाल्यास किंवा मृत्यू झाल्यास ही वसुली होत नाही. म्हणून अशा प्रकरणात अर्जित रजा आधी घ्या, आणि घरच्यांनी घाईने स्वेच्छानिवृत्तीचा कागद देण्याआधी त्यांच्याशी बोला. आजारपणाच्या दुसऱ्या महिन्यात कंटाळून दिलेला राजीनामा मी पाहिला आहे. तो मागे घेताना झालेली दमछाक आजाराइतकीच होती.

कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग किंवा पक्षाघात असेल तर नियमांत या आजारांसाठी वेगळ्या सवलती आहेत. नेहमीच्या रजेचा हिशोब मांडण्याआधी रजा नियमांना जोडलेलं त्यांचं परिशिष्ट वाचा आणि मंजुरीसाठी वर जाणाऱ्या टिपणीत त्याचा उल्लेख करा.

नेहमीच्या चुका:

- ‘प्रकरण लांबणार’ म्हणून सरळ असाधारण रजा टाकणं. दुसरी रजा शिल्लक असताना असाधारण रजा द्यायची तर कर्मचाऱ्याने ती लेखी मागितलेली असावी लागते.
- नैमित्तिक (किरकोळ, ‘सीएल’) रजेला जोडून दीर्घ रजा दाखवणं. या दोन्ही जोडता येत नाहीत. पहिले दोन दिवस नैमित्तिक टाकून ‘बघू पुढे’ म्हटलेलं असेल तर ते दिवसही वैद्यकीय रजेतच मागा.
- मधल्या सुट्ट्या वगळून दिवस मोजणं. रजेच्या मधे आलेले शनिवार, रविवार आणि सण रजेतच धरले जातात. फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या सुट्ट्या परवानगीने जोडून घेता येतात, आणि त्यासाठी अर्जात तसं लिहावं लागतं.

## टप्पा ४: प्रमाणपत्रांची साखळी तुटू देऊ नका

प्रकरणं जास्तीत जास्त इथेच अडकतात. डॉक्टर एकदम सात महिन्यांचं प्रमाणपत्र देत नाहीत. ते एक महिन्याचं, मग तीन आठवड्यांचं असं येत राहतं. पहिलं १४ मार्चला संपतं, दुसरं १८ मार्चपासून सुरू होतं. मधले तीन दिवस रुग्ण दवाखान्यातच होता, पण कागदावर ते तीन दिवस अनधिकृत गैरहजेरी होतात.

एका कागदावर चार रकाने आखा: प्रमाणपत्र क्रमांक, पासून, पर्यंत, पुढचं कधी मागायचं. चौथ्या रकान्यात ‘पर्यंत’च्या आठ दिवस आधीची तारीख टाका आणि त्या दिवशी घरच्यांना फोन करा. कार्यालयातल्या सहकाऱ्याने देण्यासारखी हीच सर्वांत मोलाची मदत आहे, आणि तिला कुणाची मंजुरी लागत नाही.

प्रमाणपत्रात आजाराचं नाव, विश्रांतीचा कालावधी, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का आणि तारीख हवी. डिस्चार्ज कार्ड हा पूरक कागद आहे, प्रमाणपत्राऐवजी चालत नाही. अधिकाऱ्याला शंका असेल तर तो जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा वैद्यकीय मंडळाकडे पाठवू शकतो. तसं पत्र आलं तर ते अपमान म्हणून घेऊ नका आणि टाळू तर मुळीच नका. रुग्णाला हलवता येत नसेल तर तेवढंच डॉक्टरांकडून लेखी घेऊन मुदत मागा.

इशारा: प्रमाणपत्र बंद पाकिटात द्या. कार्यालयाच्या ग्रुपवर ‘सर्वांच्या माहितीसाठी’ म्हणून अहवालाचा फोटो टाकू नका.

आणखी एक गोष्ट, जी दिसायला साधी आहे. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये बरं वाटलं म्हणून आमचे एक सहकारी दोन दिवस कार्यालयात आले, आणि रजा वाचेल या हिशोबाने हजेरीपटावर सही करून गेले. कुणी अडवलं नाही, उलट चहा पाजला. वैद्यकीय रजेवरून परतताना तंदुरुस्ती प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते नव्हतं. त्या दोन सह्यांनी आधीची रजा तिथे संपली, पुढची नव्याने सुरू झाली, आणि ते दोन दिवस हजर की गैरहजर यावर चार महिने पत्रव्यवहार चालला. भेटायला यायचं तर जरूर यावं. हजेरीपट आणि अंगठ्याचं यंत्र यांपासून मात्र लांब राहावं. मधेमधे खरोखर काम करायचं असेल तर प्रत्येक वेळी तंदुरुस्ती प्रमाणपत्र आणि रुजू अहवाल द्यावा.

## टप्पा ५: मंजुरी आणि पगार देयक

आजार गंभीर आहे म्हणून पगार आपोआप निघत नाही. सेवार्थवर (राज्य शासनाच्या पगाराच्या संगणक प्रणालीवर) देयक म्हणजे पगारबिल तयार होताना रजा मंजुरीचा आदेश नसेल तर आहरण व संवितरण अधिकारी (पगार काढणारे अधिकारी) पगार रोखून ठेवतात. म्हणून टिपणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर गेली पाहिजे.

टिपणीत चारच गोष्टी असू द्या: मागितलेली मुदत, शिल्लक रजेचा दाखला, रजेच्या प्रकारांची तारीखनिहाय विभागणी आणि प्रमाणपत्रांची यादी. सहानुभूतीचे परिच्छेद नकोत, ते वाचून कुणी सही लवकर करत नाही.

सगळे सात महिने एकदम मंजूर होण्याची वाट पाहू नका. हाती प्रमाणपत्र आहे तेवढ्या मुदतीचा आदेश घ्या, मग मुदतवाढ मागा. मंजूर करणारा अधिकारी किती दिवसांपर्यंत सक्षम आहे हेही आधी पाहा. त्यापुढचं प्रकरण वरिष्ठ कार्यालयात जातं आणि त्याला जास्त वेळ लागतो.

वेतन निम्मं किंवा शून्य होणार असेल त्याच्या महिनाभर आधी घरच्यांना सांगा. पतसंस्थेचा हप्ता, गृहकर्ज, विम्याचा हप्ता हे पगारातून कापलं जाणं थांबलं की थकतं, आणि पहिली नोटीस रुग्णाच्या हातात पडते.

तपासा: असाधारण रजा असेल तर आदेशात ‘वैद्यकीय प्रमाणपत्रावर’ हे शब्द आहेत का? पुढे वेतनवाढ आणि निवृत्तिवेतनाचा हिशोब करताना पहिला प्रश्न हाच विचारला जातो.

## टप्पा ६: सहकाऱ्यांनी काय द्यायचं

काम वाटून घ्यायचं तर कार्यालयीन आदेश काढून घ्या. तोंडी वाटलेलं काम तिसऱ्या आठवड्यात कुणाचंच राहत नाही. कपाटाच्या किल्ल्या आणि चालू धारिका (फायली) यादी करून ताब्यात घ्या. त्यांचा पासवर्ड किंवा डिजिटल सही वापरू नका, ते काम आता जो करणार त्याच्या नावाने वेगळी परवानगी काढा.

पैसे गोळा करायचे असतील तर आधी थांबा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय सरकारी कर्मचाऱ्याला वर्गणी गोळा करता येत नाही, कारण कितीही चांगलं असो. एका ओळीचा अर्ज द्या, परवानगी घ्या. मग रक्कम थेट घरच्यांच्या बँक खात्यात जाऊ द्या. कोणी किती दिले याची यादी लावू नका. बाहेरच्या लोकांकडून, ज्यांची कामं आपल्या टेबलावर येतात त्यांच्याकडून तर एक रुपयाही नको. आणि साहेबांनी यादी घेऊन टेबलोटेबली फिरू नये, तिथे ‘ऐच्छिक’ या शब्दाला अर्थ राहत नाही.

वर्गणीपेक्षा मोठी रक्कम बहुतेक वेळा रुग्णाच्या हक्काचीच असते. वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती, भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम (उचल), राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असतील तर ठरावीक गंभीर आजारांसाठी स्वतःच्या अंशदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत अंशतः रक्कम. हे अर्ज भरून देणं, बिलांवर डॉक्टरांच्या सह्या घेणं, मूळ बिलांच्या प्रती काढून ठेवणं ही कामं घरच्यांना दवाखान्यातून जमत नाहीत. ती वाटून घ्या.

नामनिर्देशनाचे (नॉमिनीचे) कागदही याच वेळी पाहा. लग्नाआधी भरलेल्या नमुन्यात आईचं नाव आणि पुढे बदलच नाही, असं बऱ्याच वेळा निघतं. विषय अवघड आहे. रुग्णाशी ज्याचं जवळचं आहे त्यानेच तो काढावा, आणि इतर चार कागदांबरोबर.

## टप्पा ७: परत रुजू होताना

तंदुरुस्ती प्रमाणपत्र आधी, रुजू अहवाल नंतर. प्रमाणपत्राची तारीख रुजू होण्याच्या तारखेनंतरची नको. डॉक्टरांनी ‘हलकं काम द्यावं’ असं लिहिलं असेल तर त्याच दिवशी वेगळा अर्ज देऊन कामात बदल मागा.

आजारातून कायमचं अपंगत्व आलं असेल तर ‘आता नोकरी गेली’ असं कुणी म्हणत असेल त्याला थांबवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला काढून टाकता येत नाही आणि त्याची पदावनतीही करता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत, अधिसंख्य (मंजूर पदांखेरीज जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवावं लागतं. अर्जात कलमाचा उल्लेख करा आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडा.

रुजू झाल्यावर महिनाभरात सेवापुस्तक पुन्हा उघडा. प्रत्येक आदेशाची नोंद, आदेशाचा क्रमांक आणि तारीख, उरलेली शिल्लक आणि त्याखाली अधिकाऱ्याची सही. अनर्जित रजा घेतली असेल तर अर्धवेतनी खात्यात उणे आकडा दिसला पाहिजे. ही नोंद त्या माणसाला समोर बसवून करा आणि त्या पानाची प्रत त्याच्या हातात द्या.